मुलांच्या पुळ्या आणि फ्रीजमधली उरलेली बाटली

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

यंदा श्रावणात माझ्या चार वर्षांच्या नातवाला नाकाखाली एक पुळी आली. बडोद्याचा दमट उकाडा, त्यात पोरं खाजवतातच, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. दोन दिवसांत ती फुटली, पाणी सुटलं आणि वर मधाच्या रंगाची खपली धरली. मग हनुवटीवर दुसरी, गालावर तिसरी. सुनेनं फ्रीजच्या दारातून मागच्या खोकल्याच्या वेळची सेफिक्झिम या अँटिबायोटिकची अर्धी बाटली काढली. तळाशी पांढरा गाळ बसला होता. तो हलवून चमचाभर पाजलं. मी शेजारीच उभी होते, मीही अडवलं नाही.

तीन दिवसांत काही फरक नाही. मग एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली. लाली लगेच ओसरली, आम्ही हुश्श केलं, आणि चौथ्या दिवशी पुळ्या पाच झाल्या.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी बघताक्षणी सांगितलं, हा इम्पेटिगो. स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी होतो, एकाचा दुसऱ्याला लागतो. स्टॅफिलोकॉकसवर सेफिक्झिम फारसं चालतच नाही. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, त्यानं लाली झाकली आणि जंतूंना रान मोकळं मिळालं. बाईंनी पोटात घ्यायचं काहीच दिलं नाही. कोमट पाण्यानं खपली भिजवून हलकेच पुसायची, दिवसातून तीनदा म्युपिरोसिन या अँटिबायोटिकचं मलम, पाच दिवस. नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा, दोन दिवस बालवाडीत पाठवू नका. आठवड्याभरात चेहरा स्वच्छ झाला.

राहून राहून मला त्या बाटलीचंच वाईट वाटतं. पुळीवर तिचा उपयोग झाला नाही, पण पोराच्या पोटातल्या इतर जंतूंपर्यंत ते औषध पोचलंच. अशानं नाजूक जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. उद्या खरंच गरज पडेल तेव्हा तेच औषध हात टेकेल.

पोटातलं औषध कधीच नको, असं मी म्हणत नाही. ताप असेल, पाण्यानं भरलेले मोठे फोड असतील किंवा पुळ्या अंगभर पसरल्या असतील तर ते लागतंच, आणि सांगितलेले सगळे दिवस द्यावं लागतं. बाईंनी आणखी एक बजावलं: पुढच्या काही आठवड्यांत सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर लगेच या. स्ट्रेप्टोकॉकसनंतर कधी कधी मूत्रपिंडाला सूज येते. हे मला साठी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकायला कायद्यानं बंदी आहे. पाकिटावरची उभी लाल रेघ त्याचसाठी. केंद्र सरकारनं २०१६ साली त्या रेघेची मोहीमही काढली होती. तरी ट्यूब बिस्किटाच्या पुड्यासारखी हातात येते. आणि दवाखान्यात आम्हीच म्हणतो, "डॉक्टर, जरा जोरदार काहीतरी द्या."

माझी महापालिकेला विनंती आहे. पावसाळा सुरू होताना बालवाड्यांच्या पालकसभेत आरोग्य केंद्राच्या सिस्टरांना दहा मिनिटं पाठवावं. त्यांनी मधाच्या रंगाची खपली कशी ओळखायची ते मराठीत आणि गुजरातीत सांगावं, आणि आयांना घरी जाऊन फ्रीजचं दार उघडायला लावावं. आमच्या दारातली बाटली मी काढून टाकली आहे.

आपली नम्र,
एक आजी, दांडिया बाजार, बडोदे