जबाबदार गुंतवणुकीच्या यादीत फवारणी कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोयाबीन विकले, कापसाचे चुकारे आले, रस्त्यात किंवा खाणीत गेलेल्या वावराचा मोबदला खात्यात पडला, की गावात दोन तऱ्हेचे लोक पोचतात. एक पैसे दुप्पट करून देणारे. दुसरे, अलीकडचे, ‘पर्यावरणपूरक’ किंवा ‘ईएसजी’ (म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून केलेली) गुंतवणूक विकणारे. पहिल्यांना कास्तकार आता बऱ्यापैकी ओळखतात. हे पत्र दुसऱ्यांविषयी आहे. या गुंतवणुकीत फसवणूक आहे असे आमचे म्हणणे नाही. तिला शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे नियम आहेत. अडचण अशी की चांगली कंपनी कोणती हे ठरवण्याचे माप विदर्भात कोणी घेतलेले नाही, आणि ते बदला म्हणून सांगायला इथल्या बचतदारांची संघटना नाही.

हे माप कुठून आले ते पाहिले तर मुद्दा लवकर कळतो. अमेरिकेत १९७१ साली व्हिएतनाम युद्धाच्या काळात मेथडिस्ट पंथातल्या काही लोकांनी शस्त्रनिर्मितीत पैसा न घालणारा फंड काढला. ब्रिटनमध्ये तसा पहिला फंड १९८४ चा. दारू, तंबाखू, जुगार, शस्त्रे वगळा ही यादी त्या त्या समाजाच्या सदसद्विवेकातून आली. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये या क्षेत्राची सभासद-संघटना उभी राहिली. फंड चालवणारे, बँका, सल्लागार हे तिचे वर्गणीदार सभासद. ती स्वतः कोणाचा पैसा गुंतवत नाही. नियम करणाऱ्यांसमोर सभासदांच्या वतीने बाजू मांडणे आणि पाठपुरावा करणे हे तिचे काम. जुलै २००० पासून तिथल्या पेन्शन फंडांच्या विश्वस्तांना गुंतवणूक करताना सामाजिक आणि पर्यावरणाच्या बाबी विचारात घेतो की नाही, हे लिहून जाहीर करावे लागते. त्या नियमामागे या संघटनेचा रेटा होता. कंपनीचे एक टक्कासुद्धा भांडवल हाती नसताना संघटना काय करू शकते, याचा हा नमुना.

आता आपली यादी करून पाहा. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोळशाच्या वाहतुकीची धूळ वणी, राजुरा, घुग्घुस भागात पऱ्हाटीवर बसते आणि बोंड काळवंडले की कापसाची प्रत घसरते. पण वगळण्याच्या प्रचलित याद्यांत दारू-तंबाखू हमखास असते, कीटकनाशक क्वचितच. ज्यांनी याद्या केल्या त्यांच्या अंगणात ते सांडलेच नाही.

सेबीने जुलै २०२३ मध्ये ईएसजी फंडांचे सहा प्रकार ठरवून दिले. फंडाने जो प्रकार सांगितला त्यात निदान ८० टक्के रक्कम हवी. हे चांगलेच झाले. तरी अशा फंडाची यादी उघडली की वरच्या क्रमांकांवर बहुधा खासगी बँका आणि आयटी कंपन्या दिसतात. कारण साधे आहे : बँकेला धुराडे नसते. तिच्या कार्यालयाची वीज आणि जनरेटरचे डिझेल मोजले की आकडा लहानच येणार. त्याच बँकेने औष्णिक वीज प्रकल्पाला कर्ज दिले असेल तर तो धूर ‘स्कोप ३’ (कंपनीने स्वतः न सोडलेला, पण तिच्या व्यवहारांशी जोडलेला) या सदरात येतो, आणि ते सदर भरणे ऐच्छिक आहे. म्हणून फंड घेण्याआधी त्याची मासिक यादी पाहा, पहिल्या दहा कंपन्या वाचा, आणि वितरकाला विचारा की सहापैकी हा कोणता प्रकार. उत्तर नीट आले नाही तर फॉर्मवर सही करू नये.

कंपनी स्वतः काय सांगते ते वाचण्याची सोय आता आहे, आणि आमच्या मते तिचा वापर फारच कमी होतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ नावाचा, व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारा अहवाल देणे बंधनकारक आहे. तो वार्षिक अहवालासोबत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. इंग्रजीत असतो आणि लांबलचक असतो. त्यातली माहिती नऊ तत्त्वांनुसार मांडलेली असते. पण गावाच्या कामाचे तक्ते चारच आहेत. पहिल्या भागात तक्रारींचा तक्ता असतो, त्यात ‘कम्युनिटीज’ ही ओळ शोधा. ग्रामपंचायतीने धुळीबद्दल ठराव करून पोच घेतली असेल आणि त्या ओळीत शून्य असेल, तर प्रश्न तयार झाला. तिसऱ्या तत्त्वाखाली कामावरचे मृत्यू कर्मचारी आणि कामगार असे वेगळे दिलेले असतात. सहाव्याखाली पाणी, धूलिकण, गंधक व नायट्रोजनची ऑक्साइडे. आठव्याखाली पुनर्वसन चालू असलेल्या प्रकल्पांचा तक्ता : जिल्हा, बाधित कुटुंबे, त्यांपैकी किती टक्क्यांना लाभ, वर्षात दिलेली रक्कम.

वाचताना तीन ठिकाणी फसायला होते. धूर आणि पाण्याचे आकडे बहुतेक वेळा अख्ख्या कंपनीचे असतात, तुमच्या गावाजवळच्या प्रकल्पाचे नव्हे. अहवाल फक्त मूळ कंपनीचा की उपकंपन्यांसह, हे सुरुवातीलाच लिहिलेले असते. ते न पाहता आकडे ताडले तर चुकतात. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) ही कोल इंडियाची उपकंपनी, तेव्हा शोधायचे ते कोल इंडियाच्या अहवालात. महानिर्मिती ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, म्हणून चंद्रपूर-कोराडीच्या वीज केंद्रांसाठी हा मार्ग चालत नाही. तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि माहितीचा अधिकार. तिसरी फसगत कीटकनाशक कंपन्यांच्या बाबतीत. नवव्या तत्त्वाखाली, सुरक्षित वापराची माहिती छापलेल्या उत्पादनांचा एकूण उलाढालीत किती टक्के वाटा आहे, असा रकाना असतो. तिथे शंभर टक्के लिहिलेले असेल तर ते खोटे नसते, लेबलवर मजकूर छापलेलाच असतो. पण पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या हाती ती बाटली येतच नाही. औषध मालक कालवतो. म्हणून टक्केवारीवर वाद न घालता विचारावे की कोणत्या तालुक्यांत किती संरक्षक किट दिले, आणि विषबाधेवरच्या उपचाराची माहिती ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचवली का.

विचारायचे कुठे? वार्षिक सर्वसाधारण सभेत. एक शेअर असलेल्यालाही तो हक्क आहे. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीची सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, तिची सूचना पूर्ण २१ दिवस आधी येते, आणि आता बऱ्याच सभा व्हिडिओवर होतात. बोलायचे असेल तर सूचनेत दिलेल्या मुदतीत, खात्याला जोडलेल्या ईमेलवरून, डिमॅट (शेअर ठेवण्याच्या इलेक्ट्रॉनिक खात्याच्या) क्रमांकासह वक्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. नेमकी इथेच माणसे चुकतात. सभेच्या दिवशी जोडले जातात आणि नुसते ऐकत बसतात. वेळ दोन-तीन मिनिटांचा मिळतो. पाच प्रश्न विचारले तर सर्वांत सोप्याचे उत्तर येते. एकच विचारा, अहवालाचा पान क्रमांक सांगून. ऑनलाइन मतदान निदान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी ५ ला बंद होते. खर्चाची भीती नको : चार लाख रुपयांपर्यंतचे शेअर असलेल्या मूलभूत डिमॅट खात्याला वार्षिक शुल्क नाही.

आपल्या कायद्यात स्वतःचा ठराव मांडायला किंवा विशेष सभा बोलवायला दहा टक्के मतशक्ती लागते. ती लहान भागधारकांकडे कधीच नसते. म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्या मिळून असू शकते. म्युच्युअल फंडांना कोणत्या ठरावावर कसे मत दिले आणि का, हे जाहीर करावे लागते. एकट्या माणसाच्या पत्राला साचेबंद उत्तर येते. तेच पत्र चारशे युनिटधारकांच्या सह्यांनी गेले तर फंड व्यवस्थापकाला कंपनीला फोन करावासा वाटतो. संघटना हवी ती यासाठी.

स्थापना अवघड नाही. संस्था नोंदणी कायदा १८६० खाली सात जण पुरतात. महाराष्ट्रात सोबत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी होते. सांभाळायचे ते पुढचे. वर्गणीपलीकडे सभासदांकडून परत देण्याच्या बोलीवर एक रुपया घेऊ नये. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या नावाने देशभर गोळा झालेला पैसा लोक विसरलेले नाहीत, आणि आता अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा २०१९ चा कायदाही आहे. फी घेऊन अमुक शेअर घ्या असे सांगितले तर सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी लागते. अहवाल कसा वाचावा हे शिकवायला लागत नाही. फंड वितरकाला सभासद करा, पदाधिकारी करू नका. त्याचे कमिशन विक्रीवर असते, आणि त्याने कार्यक्रमाचा मंडप दिला की तीन वर्षांत संघटनेचे दुकान होते.

हरित ठेवींबद्दल, म्हणजे पर्यावरणपूरक कामांना पैसा देण्यासाठी घेतलेल्या ठेवींबद्दल, थोडेसे. रिझर्व्ह बँकेची त्यासंबंधीची चौकट १ जून २०२३ पासून आहे, पण ग्रामीण बँकांना ती लागू नाही, पतसंस्थांना तर नाहीच. त्यामुळे पतसंस्थेने ‘ग्रीन ठेव’ म्हणून पावती दिली तर त्या शब्दामागे कोणतीही बाहेरची तपासणी नाही, आणि पाच लाखांचे ठेव विमा संरक्षणही नाही. व्यापारी बँकेत विचारायचे ते इतकेच, की बाहेरच्या संस्थेने केलेला वार्षिक पडताळणी अहवाल कुठे आहे.

संघटनेच्या कागदपत्रांना वेळ लागेल. पण येत्या सप्टेंबरच्या सभांत प्रश्न विचारायचा असेल तर डिमॅट खाते आणि एक शेअर उन्हाळ्यातच घ्यावा. पेरणी लागली की पोळ्यापर्यंत तालुक्याला जायला कोणाला सवड नसते, आणि वक्त्यांच्या नोंदणीची मुदत नेमकी फवारणीच्या दिवसांत संपते.

आपले,
गुंतवणूकदार जागृतीचे काम करणारे काही जण,
वणी, जि. यवतमाळ