परवान्यातून गळालेला पाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवडणूक लागली की ‘परवानाधारकांनी शस्त्रे जमा करावीत’ अशी चार ओळींची बातमी तुमच्या पेपरात येते. निकालानंतर ‘परत न्यावीत’ अशी दोन ओळींची. आम्हा परवानाधारकांचा पेपराशी संबंध एवढाच. आज मात्र मला एका आकड्याविषयी जरा सविस्तर लिहायचं आहे. तो आकडा पाच, आमच्या घरातल्या रिव्हॉल्व्हरच्या परवान्यातून गळालेला.

माझ्या आजोबांची अक्कलकोटच्या बाजूला, निजामाच्या हद्दीला लागून असलेल्या गावात धान्याची अडत होती. रझाकारांच्या धामधुमीत गावात आळीपाळीने गस्त असायची. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून लष्कर नळदुर्गकडे निघालं, त्या रात्री आजी म्हणे कित्येक महिन्यांनी नीट झोपली. आमच्या घरातलं रिव्हॉल्व्हर या तारखेच्या आधी आलं की नंतर, यावर वडील आणि काकांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. ते कुणावर झाडल्याचं ऐकिवात नाही. आजी खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहायची, तेही हात लांब करून.

वडील गेल्या आषाढात गेले. तेरावं उरकलं आणि ट्रंक उघडली. ठाण्यात जमा करायचंच होतं, पण मी चाळीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा टर्नर होतो. यंत्र समोर आलं आणि व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला नाही असं माझ्याकडून होत नाही. आधी सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, रिकामं असल्याची खात्री केली. नातवाने सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मी वहीत मापं लिहिली.

घोड्याशेजारची कडी अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते आणि आतली चकती काडतुसांच्या पुंगळ्या एकदम वर ढकलते. हा बर्मिंगहॅमच्या वेब्लीचा घाट. वरच्या पट्टीवर ‘मार्क ६’, चौकटीवर १९१७. ब्रिटिश लष्कराने हा नमुना १९१५ मध्ये घेतला. त्याआधीच्या नमुन्यांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असायची, याची मूठ चौकोनी आहे, खाली दोरी अडकवायची कडी आहे आणि नळी बरोबर सहा इंच भरते. सरकारी मालाचा बाणही आहे, पण एक नव्हे, दोन, टोकाला टोक भिडलेले. लष्कराने रीतसर विकून टाकलेल्या मालावर असा छाप मारत. म्हणजे आजोबांनी ते कुठूनही घेतलं असो, पलटणीतून चोरलेलं नव्हतं. काका हयात असते तर त्यांना हे सांगितलं असतं. त्यांना तीच धास्ती होती.

आता पाचाकडे येतो. या जातीच्या हत्याराचं काडतूस .४५५ चं (हे नळीच्या भोकाचं, म्हणजे बोराचं, इंचातलं माप). आजोबांचं परवान्याचं पुस्तक १८७८ च्या जुन्या कायद्याखालचं, त्यात निळ्या शाईत स्वच्छ ‘४५५’ लिहिलेलं आहे. १९७४ मध्ये परवाना वडिलांच्या नावावर झाला, नवं पुस्तक मिळालं, त्यात ‘४५’. नक्कल करणाऱ्याच्या हातून एक पाच गळाला. पुढे दर नूतनीकरणाला तोच ‘४५’ उतरत राहिला, संगणकात सुद्धा गेला. एवढ्या वर्षांत हत्यार उघडून परवान्याशी कुणी ताडून पाहिलं नाही. आम्हीही नाही, हे कबूल करतो.

एका पाचाने काय होतं, असं वाटेल. ‘४५’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतं ते अमेरिकन पिस्तुलाचं राउंड. ते या वेब्लीसाठी नाही, त्याचा दाब या चौकटीला झेपणारा नाही. तरीही परदेशात पूर्वी कितीतरी वेब्लींची सिलिंडरं मागून घासून त्यात ते राउंड बसेल अशी केली गेली. घासलेलं ओळखायची एक खूण म्हणजे सिलिंडरवरचा नंबर अर्धवट कापलेला दिसतो. आमचा नंबर अख्खा आहे. तो पाहिला आणि मी खुर्चीत बसलो.

दुसरी गोष्ट कायद्याची. पिस्तुल-रिव्हॉल्व्हरमध्ये ९ एमएम, .३८ आणि .४५५ हे प्रतिबंधित बोर. त्यांचा परवाना जिल्ह्यात होत नाही, प्रकरण थेट केंद्रीय गृह खात्याकडे जातं. वारसाने मागितला तर परवाना मिळू शकतो, नियमात तशी सोय आहे, पण त्या कागदावर बोर खरा हवा ना? मी संबंधित शाखेत दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दाखवली. तिथला मुलगा भला होता. हळूच म्हणाला, “काका, असू द्या की पंचेचाळीस. पाच लिहिला तर फाइल दिल्लीला जाईल, तुमच्या हयातीत परत येणार नाही.”

आता एक लाजेची गोष्ट लिहितो. ट्रंकेत हत्याराबरोबर चार काडतुसं होती. बुडावर ‘केएफ’, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याची, पितळेवर हिरवी बुरशी धरलेली. आज परवाना दाखवून दुकानात .३२ ची काडतुसं मिळतात, .४५५ ची कुणी ठेवत नाही. माझा एक जुना सहकारी चहाला आला होता. तो म्हणाला, “अरे, पितळेचा बार आण, पुंगळ्या काढू. शिसं ओतू. बंदुकीच्या दारूचं मी बघतो. आपण काय कमी कामं केलीत?” नातवाने मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ लावले. तिथे लोक घराच्या गॅरेजमध्ये बसून हेच करतात, छापील तक्ते घेऊन, तराजूवर दारू मोजून. तिथे तो छंद आहे.

खोटं कशाला बोलू, मी त्या रात्री पुंगळीचं रेखाचित्र काढलं. रिमची, म्हणजे बुडाच्या कडेची, जाडी लिहिताना हात थांबला. पुंगळी म्हणजे काही लेथवर कातायचं बुश, यंत्रातलं नळकांडं, नव्हे. काडतूस उडालं की तिचं पितळ फुगून भिंतीला गच्च बसायला हवं आणि क्षणात मागे यायला हवं, नाहीतर आगीचा झोत मागे तोंडावर येतो. कारखान्यात ते पितळ टप्प्याटप्प्याने ओढून, मधे मधे तापवून मऊ करून घेतात. बारातून कातलेल्या तुकड्याला तो गुण कुठून येणार? दारूचं तर विचारूच नका. ही पुंगळी पोटाने रुंद. आजची धूर न करणारी दारू त्यात तळाला जेमतेम पडते. चुकून दुप्पट पडली तरी ती सांडत नाही, दिसतही नाही. आणि हे सगळं अडवून धरायला एक बिजागरी आणि एक कडी, शंभर वर्षं झिजलेली. सिद्धेश्वराच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम करणारेसुद्धा पिढ्यान्पिढ्या शिकलेले असतात, आणि मोकळ्या मैदानावर करतात.

कायदा मी दुसऱ्या दिवशी वाचला, खरं तर आधी वाचायला हवा होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय शस्त्र किंवा काडतूस बनवण्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. म्हणजे ती एक पुंगळी कातली असती तर माझं लेथही पंचनाम्यात आलं असतं. रेखाचित्र मी चुलीत घातलं. सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, “तू पहिल्यापासूनच भित्रा.” असेन.

रिव्हॉल्व्हर आणि ती चार काडतुसं ठाण्यात जमा आहेत, पावती माझ्याकडे आहे. जमा करतानाही मी तिथल्या हवालदारांना ‘४५५ लिहा’ म्हणालो. ते म्हणाले, परवान्यात आहे तेच लिहावं लागतं.

माझं मागणं थोडकं आहे. वारसाच्या नावावर शस्त्र करताना पोलिसांच्या शस्त्रागारातल्या जाणत्या माणसाने ते एकदा उघडून, माप घेऊन, नंबर वाचून परवान्याशी ताडावं. सोलापुरात महिन्यातला एक दिवस ठेवला तरी पुरे. जो वारस स्वतः होऊन चूक दाखवतो त्याच्याकडे आरोपी म्हणून पाहू नये, नाहीतर प्रत्येक जण पाच गाळूनच ठेवेल आणि पुढच्या पिढीतलं कुणीतरी दुकानात जाऊन ‘पंचेचाळीस’ मागेल. ज्यांना फक्त आठवण ठेवायची आहे, त्यांना हत्यार कायमचं निकामी करून घरी नेण्याची किंवा संग्रहालयाला देण्याची वाट कुणीतरी नीट समजावून सांगावी. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार मी लहानपणी आजोबांचं बोट धरून पाहिलं आहे. तिथल्या काचेआड आमचं वेब्ली राहिलं तर मला वाईट वाटणार नाही. झाडायची हौस मला कधीच नव्हती, ते काय आहे ते कागदावर बरोबर लिहिलेलं असावं एवढंच.

बोर दुरुस्त करण्याचा अर्ज मी मागच्या महिन्यात रीतसर दिला, सोबत दोन्ही पुस्तकांच्या झेरॉक्स जोडल्या. अर्जाची पोच मिळाली आहे. तिच्यावर विषय लिहिलाय: ‘रिव्हॉल्व्हर, ४५ बोर, दुरुस्तीबाबत.’

आपला,
एक निवृत्त टर्नर, सोलापूर
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कारण लक्षात येईलच, कृपया छापू नये.)