मुलाखती घेण्याआधी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहूनच कळवते. विज्ञान शिक्षक तयार करायला तुमच्या संस्थेने सगळ्या शाखांच्या पदवीधरांकडून अर्ज मागवले, हे मला आवडलं. तुमच्यातले जे ‘बी.एस्सी.च हवेत’ म्हणून अडून बसलेत, त्यांना सांग, विज्ञान-गणित घेऊन इंजिनिअर झालेल्याला ५५ टक्क्यांवर बी.एड.ला प्रवेश घेता येतो. नियमाला चालतं, तर यांना का चालू नये?

आमच्या शाळेत एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर सर आले होते. फळ्यावर सर्किट असं रेखीव काढायचे की बघत राहावं. पोरं माना डोलवायची. एकदा त्यांनी सहज विचारलं, बल्बच्या अलीकडे करंट जास्त की पलीकडे? अख्खा वर्ग ओरडला, “अलीकडे! थोडा बल्बने खाल्ला ना!” सर गप्पच. असं कुणाला वाटू शकतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी करंट मोजायचा अॅमीटर आणून आधी बल्बच्या एका बाजूला जोडला, मग दुसऱ्या. काटा दोन्हीकडे एकाच आकड्यावर. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, मीटर बिघडलाय.” दुसरा मीटर आणला, तोही तेच दाखवी. मग बल्ब खातो तरी काय, यावरून जी वादावादी जुंपली, ती घंटा झाली तरी थांबेना.

मीटर हाताळणं त्यांना इंजिनिअरिंगने शिकवलं होतं. पण पोरांच्या डोक्यात काय चाललंय, हे कुठल्याच पदवीच्या अभ्यासात नसतं, बी.एस्सी.च्याही नाही. म्हणून मुलाखतीत ओहमचा नियम विचारत बसू नका. हाच बल्बचा प्रश्न टाका आणि विचारा, सातवीतला मुलगा काय उत्तर देईल? जो हसेल त्याला चहा पाजून पाठवा. ‘त्याला तसं का वाटत असेल?’ म्हणून जो विचारात पडेल, त्याला घ्या.

अर्ज केलेली ती नर्सिंगवाली मुलगी मात्र हातची घालवू नका. सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्केच का, नुसतं पाणी का चढवत नाहीत, एवढं तिने वर्गात विचारलं तरी पुरे. साध्या पाण्याने तांबड्या पेशी फुगून फुटतात, इथपर्यंत पोरं आली की परासरणाची, म्हणजे ऑस्मोसिसची, व्याख्या पाठ करायला नको. ती हे वॉर्डात राबून आलीय.

नेमणूक करून मोकळे होऊ नका, हे जरा ठासून सांगते. मध्य प्रदेशात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू केलं. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या गुरुजींबरोबर प्रयोगाला बसले. आपल्या पुण्याच्या टेल्कोतले (आताची टाटा मोटर्स) इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून तिथे गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांच्या त्यांच्या आकृत्या तू लहानपणी केल्यात. पण माझ्या मते तो कार्यक्रम तीस वर्षं टिकला तो मासिक बैठकांमुळे. फसलेला प्रयोग घेऊन बसायला शिक्षकाला हक्काची जागा होती. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, ती गोष्ट वेगळी.

आणि पैशाचं पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. बी.एड.ची दोन वर्षं, पात्रता परीक्षा, आणि अनुदानित शाळेत लागला तर शिक्षण सेवक म्हणून आधी तीन वर्षं मानधन. माध्यमिकला १८,००० रुपये. आयटीतून येणाऱ्याच्या घरी हप्ते चालू असतात. नंतर कळलं तर तो मधेच सोडून जाईल आणि बोल तुमच्या निवडीला लागेल.

बाबांची तब्येत ठीक. नर्सिंगच्या मुलीचं काय ठरलं ते कळव, आणि दिवाळीला येताना रजा आधी टाक.

तुझी,
आई