स्थानकाच्या शौचालयात एक खुंटी हवी

संपादक महोदय,

एसटी स्थानकांच्या नूतनीकरणाच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळतात. त्या कामांत शौचालयांचाही विचार होत असेल, या अपेक्षेने एक छोटी सूचना करतो. मलाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर गेली सहा वर्षे माझा मलमार्ग पोटावर, डाव्या बाजूला आहे. त्या तोंडाला डॉक्टर स्टोमा म्हणतात आणि त्यावर पिशवी चिकटवलेली असते. स्टोमाला आवळणारा स्नायू नसल्याने मल रोखून धरता येत नाही. तो आपल्या वेळेने पिशवीत उतरतो.

पहिले वर्षभर मी लग्नकार्यालाही गेलो नाही. वासाची धास्ती होती, पिशवी सुटण्याची त्याहून अधिक. पिशवी नीट बसलेली असेल तर वास येतो तो ती रिकामी करतानाच, हे कळायला मला बरेच दिवस लागले. आता साताऱ्याहून नाशिकला लेकीकडे मी बसने एकटा जातो. फ्लॅन्जचे, म्हणजे पिशवी धरून ठेवणाऱ्या, पोटाला चिकटणाऱ्या चकतीचे भोक स्टोमाच्या मापाने घरीच कापून ठेवतो, म्हणजे वाटेत कात्रीची गरज पडत नाही. जादा फ्लॅन्ज, पिशव्या, ओले टिश्यू, पाण्याची बाटली आणि एक लेंगा असलेली झोळी मांडीवरच ठेवतो, कारण उन्हाने तापलेल्या डिकीत फ्लॅन्जचा चिकट थर मऊ पडतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, नाहीतर वजनाने फ्लॅन्ज उचकटते; म्हणून बस जिथे थांबेल तिथे, निकड असो वा नसो, मी उतरतो. उपाशी राहिले की काम भागेल हा माझा समजही खोटा ठरला, कारण रिकाम्या पोटी वायू धरून पिशवी फुग्यासारखी फुगते. ज्यांचा स्टोमा लहान आतड्याचा आहे, त्यांनी तर पाणी मुळीच तोडू नये. त्यांच्या शरीरातून पाणी आणि मीठ अधिक जात असल्याने ओआरएस जवळ असलेले बरे.

एवढी तयारी करूनही गाडी अडते ती शौचालयात. गेल्या उन्हाळ्यात एका मोठ्या स्थानकात मी सदऱ्याचा घोळ हनुवटीखाली दाबून, पिशवीची क्लिप दातांत धरून आणि झोळी गळ्यात अडकवून उभा होतो, कारण खाली सगळे ओले होते आणि भिंतीवर साधा खिळाही नव्हता. दाराला कडी नसल्याने ते एका पायाने लोटून धरले होते. क्लिप भांड्यात पडली असती, तर पुढचे चार तास पिशवीचे तोंड रबराने बांधून काढावे लागले असते. शेजारच्या दिव्यांगांच्या शौचालयाला कुलूप होते, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाला त्याची किल्ली मागायचीही चोरी. साडी नेसणाऱ्या भगिनींचे अशा जागी काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

जपानमध्ये अनेक सार्वजनिक शौचालयांत पिशवी रिकामी करून धुण्यासाठी कमरेच्या उंचीचे वेगळे भांडे असते आणि बाहेर त्याची चित्रखूणही असते. तेवढे माझे मागणे नाही. प्रत्येक स्थानकात निदान एका शौचालयाला आतून लागणारी कडी, एक भक्कम खुंटी, हातभर फळी आणि झाकणाची कचरापेटी बसवावी. नवे बांधकाम चालू असतानाच हे केले, तर खर्च अगदी किरकोळ येईल.

तूर्त मी दाराच्या वरच्या कडेला अडकेल असा लोखंडी आकडा झोळीत घेऊन फिरतो. बऱ्याच ठिकाणी तो उपयोगी पडतो. जिथे दारच अर्धे तुटलेले असते, तिथे मात्र नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा