डीएनएचा पीळ उजवाच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनुकशास्त्राच्या बातमीशेजारी डीएनएचे चित्र छापले जाते आणि बऱ्याचदा त्याचा पीळ उलटा असतो. ही चूक पकडायला अर्धे मिनिट पुरते, म्हणून हे पत्र.

पेशीतला डीएनए नेहमीच्या रूपात उजव्या पिळाचा असतो. चित्र उभे धरावे आणि आपल्या बाजूने दिसणाऱ्या पट्ट्या पाहाव्यात. नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांप्रमाणे त्या डावीकडून उजवीकडे वर चढल्या पाहिजेत. चित्र फिरवले, अगदी खालचे वर केले, तरी पीळ बदलत नाही. तो बदलतो चित्र आरशासारखे पलटल्यावर, आणि गडबड बहुधा इथेच होते: मूळ चित्र बरोबर असते, पण पान लावताना मजकुराच्या बाजूला तोंड यावे म्हणून ते आडवे फ्लिप केले जाते. डाव्या पिळाचा झेड-डीएनए असतो हे खरे. पण त्याचा कणा नागमोडी असतो, ठेवणच वेगळी. पलटलेले चित्र म्हणजे झेड-डीएनए नव्हे.

प्रमाणही सांभाळावे. एका वेढ्यात बेसच्या (दोन पट्ट्यांना जोडणाऱ्या कांड्यांच्या) सुमारे १० जोड्या, वेढ्याची उंची साधारण ३.४ नॅनोमीटर आणि जाडी २ नॅनोमीटर. दोन पट्ट्यांमधल्या खाचा सारख्या नसतात, एक रुंद आणि एक अरुंद असते. प्रथिने डीएनएला कुठे धरतात हे त्या खाचांवर बरेच अवलंबून असते, त्यामुळे समान अंतराची सुबक शिडी काढली की नेमका हाच मुद्दा पुसला जातो.

२५ एप्रिल १९५३च्या ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकातील, डीएनएची दुहेरी पिळाची रचना मांडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांच्या लेखातली आकृती ओडील क्रिक या चित्रकर्तीने काढली होती. दोन फिती, आडव्या कांड्या, मधून आसाची उभी रेषा, बस. फिती म्हणजे काय, कांड्या म्हणजे काय आणि ही केवळ आराखड्यासारखी आकृती आहे, हे खाली छापले होते. ती ओळ आकृतीचाच भाग होती. आज सर्वांत आधी कापली जाते ती हीच ओळ.

विषाणूंच्या चित्राखाली तर ती हवीच. कोरोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्याची करडी प्रतिमा मिळते. लाल काटे आणि राखाडी गोळा ही चित्रकाराची निवड. ती निवड योग्यच आहे, फक्त ‘रंग समजण्यासाठी दिलेले’ एवढे लिहावे. आकाराचेही तसेच. तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते. ती पानावर ८ सेंटीमीटरची काढली, तर शेजारचा विषाणू १ मिलिमीटरचा ठिपका होईल. तो मोठा दाखवायचा असेल तर वेगळ्या वर्तुळात, स्वतःच्या मापपट्टीसह दाखवावा.

बाणांकडे फार दुर्लक्ष होते. एकाच आकृतीत एक बाण ‘इकडून तिकडे गेले’ सांगतो, दुसरा ‘याचे ते झाले’ आणि तिसरा नुसते नाव दाखवतो. नावासाठी साधी बारीक रेघ ठेवावी. एमआरएनए लशीच्या आकृतीत बाणाचे टोक केंद्रकाला टेकले, तर लस जनुकांत शिरते असा समज होतो. हा एमआरएनए केंद्रकात जात नाही. पेशीद्रवातले रायबोसोम त्यावरून प्रथिन बनवतात. इथे दोन मिलिमीटरच्या चुकीतून अफवा जन्मते.

छपाईबद्दल थोडे. संगणकाच्या पडद्यावर चमकणारा हिरवा रंग चार शाईंच्या छपाईत मिळत नाही आणि वृत्तपत्राच्या कागदावर आणखी मळतो. काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक पांढरी अक्षरे रजिस्टर (चारही शाईंचे ठसे एकावर एक नेमके बसणे) किंचित हलले तरी बुजतात. पार्श्वभूमी फिकी आणि अक्षरे फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर ठेवली की हा प्रश्न उरत नाही. लाल-हिरवी जोडी टाळून किरमिजी-हिरवी किंवा निळी-नारिंगी वापरावी, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारे वाचक, विशेषतः पुरुष, कमी नाहीत. जपानमधील ओकाबे आणि इटो यांनी यासाठीच ८ रंगांचा संच सुचवला आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की आकृती संशोधकाला दाखवायची ती रंग भरण्याआधी, पेन्सिलीच्या कच्च्या रूपात. रंगवलेले चित्र पाहून लोक ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात. कच्च्या आकृतीवर खुणा करतात. ‘बरोबर आहे का?’ असे मोघम न विचारता पीळ, माप आणि प्रत्येक बाणाचा अर्थ यांबद्दल वेगवेगळे विचारावे. आणि छापताना चित्रकाराचे नाव द्यावे, म्हणजे चूक दिसल्यास वाचकाला कोणाला विचारायचे ते कळेल.

आपले,
जीवशास्त्राच्या आकृत्या करणारे दोन वाचक, पुणे