अर्ज भरायला वेळ द्या : राज्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महानगरपालिकांची निवडणूक एकदाची झाली. मुंबईत मार्च २०२२ पासून प्रशासक होते. संविधानाचे कलम २४३-यू सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी; आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाला तारीख घालून द्यावी लागली. या उशिराचा सगळा दोष मी आयोगाला देत नाही. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता आणि प्रभागरचनेचे नियमही मध्ये बदलत राहिले. माझे म्हणणे वेगळे आहे.

इतकी वर्षे थांबल्यावर उमेदवाराच्या हाती किती दिवस आले, ते पाहा. ११ नोव्हेंबरला आरक्षणाची सोडत, १५ डिसेंबरला कार्यक्रम जाहीर, २३ ते ३० डिसेंबर अर्ज, ३ जानेवारीला चिन्हवाटप आणि १५ जानेवारीला मतदान. पक्षाचे चिन्ह लोकांना पाठ असते. अपक्षाने मात्र ३ तारखेला हाती पडलेले चिन्ह दोन आठवड्यांच्या आत घरोघरी पोचवायचे. त्यात पुण्यासारख्या शहरात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडायचे, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रभाग चार जागांचा. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे, तसे इतरत्र का नाही, हा प्रश्न विधिमंडळाला विचारायचा. तो इथे वाढवत नाही.

कायद्याने नगरसेवकपदाचे दार बरेच उघडे ठेवले आहे. आमदारकीला वयाची पंचविशी लागते, इथे २१ वर्षे पुरतात. शहराच्या मतदारयादीत नाव हवे. राहता त्याच प्रभागातून लढावे असेही बंधन नाही. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अडते ते कागदांपाशी. मालमत्ता आणि गुन्ह्यांचे शपथपत्र, पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, अपत्यांविषयीचे घोषणापत्र, शौचालयाची माहिती, निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते, राखीव जागा असेल तर जातीची कागदपत्रे. यातला एकही कागद मुळात अवघड नाही. पण आठवडाभरात, तोही रोजंदारी बुडवून, हे सगळे जमवणे अवघड आहे.

आमच्या भागातल्या एका बचत गटाच्या अध्यक्षांसोबत मी या कामासाठी फिरले. पाण्याच्या वेळा, गटारांची साफसफाई, रेशनचे अर्ज या सगळ्यांसाठी लोक त्यांच्याकडेच येतात. थकबाकीच्या दाखल्यासाठी गेलो, तर घरपट्टी त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर निघाली. दाखला कोणाच्या नावाने द्यायचा हे खिडकीवर लवकर ठरेना. तो हाती आला तेव्हा सूचकाचे, म्हणजे अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवणाऱ्याचे, नाव तपासले. सूचक त्याच प्रभागातला मतदार लागतो, आणि प्रभागनिहाय यादीत आमच्या सूचकाचे नाव शेजारच्या प्रभागात गेले होते. दुसरा सूचक शोधेपर्यंत अर्जाची वेळ संपली. कर्मचारी सौजन्याने वागले, नियमही कोणी मोडला नाही. तरीही ज्या बाईला सगळी वस्ती ओळखते, तिचे नाव मतदानयंत्रावर आले नाही.

जुन्या कार्यकर्त्यांकडे वकील असतो, कागद सांभाळणारा माणूस असतो, आणि सोडतीत जागा महिलेसाठी निघाली तर घरातल्या कोणाचा अर्ज भरायचा हेही ठरलेले असते. नवख्याकडे यातले काहीच नसते. कमी दिवसांचा फटका सर्वांना सारखा बसतो, असे म्हणूनच मला वाटत नाही.

माझ्या मागण्या आपल्या अधिकारात आणि आपल्या पाठपुराव्याने होण्याजोग्या आहेत. प्रभागांच्या सीमा, आरक्षण आणि प्रभागनिहाय यादी मतदानाच्या निदान सहा महिने आधी अंतिम व्हावी. लागणाऱ्या कागदांची एकच यादी सोप्या मराठीत प्रत्येक प्रभाग कार्यालयात तेव्हापासूनच लावावी. घरपट्टी दुसऱ्याच्या नावावर असेल, भाड्याचे घर असेल, तर दाखला कसा मिळेल हेही त्यात स्पष्ट असावे. अर्ज दाखल करण्याआधी कागद तपासून देणारा एक टेबल असावा, म्हणजे चूक छाननीत न सापडता आधीच दुरुस्त होईल. आणि चिन्हवाटप ते मतदान यांत किमान तीन आठवडे ठेवावेत. त्यासाठी नियम बदलावा लागला तर तसा प्रस्ताव आयोगानेच सरकारकडे पाठवावा.

या सभागृहांची पाच वर्षे २०३१ च्या सुरुवातीला संपतील. त्या निवडणुकीचे वेळापत्रक २०३० च्या मध्यापर्यंत जाहीर करावे, ही विनंती.

आपली,
एक मतदार