घोरणे हा केवळ पुरुषांचा आजार नव्हे

आपल्या रविवारच्या पुरवणीतील घोरण्यावरील लेख उपयुक्त होता. मात्र त्यात स्लीप ॲप्निया हा पोट सुटलेल्या पुरुषांचाच विकार असल्यासारखा मांडला गेला, हे खटकले. झोपेत श्वास दहा-दहा सेकंद किंवा अधिक वेळ वारंवार थांबण्याचा हा विकार रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही बराच वाढतो. पण त्यांची तक्रार बहुधा सकाळची डोकेदुखी, निद्रानाश, उदासपणा व थकवा अशी असल्याने ती रक्तक्षयाच्या नाहीतर वयाच्या खाती जमा होते. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे निदान असेच वर्षानुवर्षे लांबले.

१९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी मांडलेली सीपॅप उपचारपद्धती मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते. परंतु नाकातल्या चमकीपाशी मास्क नीट टेकत नाही व हवा गळते, भरल्या घरात तोंडाला नळी लावून झोपण्याचा संकोच वाटतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्री वीज गेली की यंत्रच बंद पडते, याविषयी जाऊबाईंशी कोणी चकार शब्द बोलले नव्हते. पहिले काही आठवडे मास्कचे माप व हवेचा दाब पुन्हा पुन्हा तपासून देणे हा उपचाराचाच भाग मानला जावा, आणि रक्तदाब दाखवायला आलेल्या स्त्रीला डॉक्टरांनी तिच्या झोपेविषयीही आवर्जून विचारावे.

– एक वाचक, जुळे सोलापूर